कनकव्वाची वाकडी बतुकम्मा

बारा जूनला ओदेलूने करीमनगरच्या बाजारातून सहाशे चाळीस रुपयांची चार पायांची काठी आणली. कनकव्वाने तिला खालीवर न्याहाळलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, एवढ्या पैशांत दूध देणारी नाही मिळाली?" त्या दिवसापासून काठीचं नाव शेळी पडलं.

एप्रिलमध्ये कनकव्वाच्या मेंदूच्या मागच्या भागातली रक्तवाहिनी तुंबली होती. हातपाय शाबूत राहिले, जीभही पूर्वीइतकीच धारदार. गेला तो फक्त तोल. उभी राहिली की जमीन डावीकडे कलायची, मान वळवली की घर फिरायचं. बघणाऱ्याला मात्र बाई धडधाकट दिसायची. त्यामुळे ती भिंत धरत गल्लीत आली की समोरच्या घरातून तिची चुलतजाऊ लच्चव्वा ओरडायची, "अक्का, एकटीनेच ताडी घेतलीस? मला हाक तरी मारायचीस!"

"तुझ्या वाटणीचीही मीच प्यायले," कनकव्वा म्हणायची आणि शेळी पुढे टाकायची.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट पक्की बजावली होती. समोरच्या न हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवायची आणि मान हळूहळू डावी-उजवी करायची. कनकव्वाने कॅलेंडरवरच्या लक्ष्मीचं कमळ धरलं. पहिले काही दिवस ओकाऱ्या आल्या, मग नुसती चक्कर, मग तीही ओसरत गेली. पावसाळा सरता सरता ती शेळीला दाराशी ठेवून अंगण ओलांडू लागली.

तिला घाई होती ती बतुकम्माची, नऊ दिवसांच्या फुलांच्या सणाची. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच वर्षी गल्लीच्या फेरात गाण्याची ओळ देण्याचा मान तिला मिळाला होता आणि तिने तो कधी सोडला नव्हता. ओळ द्यायची ती फेरात टाळ्या वाजवत फिरणारीने. कडेला बसलेलीने नाही. यंदा ती बसली तर ओळ लच्चव्वाकडे जाणार होती, आणि एकदा गेलेली ओळ कुणी परत देत नसतं.

हा मान शेवटच्या दिवशीच्या मोठ्या फेराचा, म्हणून पहिले आठ दिवस कनकव्वा घरीच राहिली. शेवटच्या, सद्दुल बतुकम्माच्या सकाळी ओदेलूने शेतातून तरवड आणि कुरडूची फुलं आणली. ताटात फुलांचे थर रचून बतुकम्मा उभी करणं बायकांचं काम. पण वाकलं की कनकव्वाचं डोकं गरगरायचं. म्हणून ती खाटेवर बसली आणि ताटापुढे ओदेलू बसला. तो गवंडी होता. थरावर थर चढू लागले.

"अहो, डावीकडे झुकतंय."

"तुझ्या डोक्यात झुकतंय ते. उभा जन्म भिंती बांधल्यात मी."

एप्रिलपासून कनकव्वाला सगळंच डावीकडे झुकलेलं दिसायचं. हल्लीच कुठे सरळ होऊ लागलं होतं. आता ऐन आजच्या दिवशी ते परत आलं. तिने डोळे मिटले, उघडले. फुलं तशीच कललेली. तिने नवी साडी नेसली, पण शेळीही बरोबर घेतली.

तळ्याकाठी ओदेलूने ताट नेऊन इतर ताटांच्या मधे ठेवलं. बायकांनी फेर धरला. कनकव्वा कडेच्या दगडावर बसली.

"चल की अक्का!"

"नाही गं. आज परत वाकडं दिसतंय मला. तूच दे ओळ."

लच्चव्वाचा चेहरा उतरला. इतकी वर्षं ज्या मानावर डोळा ठेवला तो असा हातात आल्यावर तिला गोड लागेना. तिने घसा साफ केला, फेर सुरू करायला मधल्या ताटांकडे पाहिलं आणि किंचाळली, "अगं बाई! हे कुणाचं? कुणी ताडी पिऊन रचलंय का?"

बायका हसू लागल्या. एक म्हणाली, "आत्ता पडेल बघ!" दुसरीने टेकूला दगड लावला.

कनकव्वा ताडकन उठणार होती, पण शिकवल्याप्रमाणे सावकाश उठली. "लच्चव्वा, तुलाही वाकडं दिसतंय?"

"मला काय, आंधळ्यालाही दिसेल!"

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे!"

कनकव्वा इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. पुरुषांच्या घोळक्यातून ओदेलू पुटपुटला, "फुलं म्हणजे काय विटा आहेत?"

"म्हणजे डोकं माझं सरळ आहे," कनकव्वा म्हणाली, "गवंडी वाकडा आहे." तिने शेळी त्याच्या हातात दिली आणि ती फेरात शिरली.

नजर तिने त्या वाकड्या बतुकम्माच्या शेंड्यावर रोवली. फेर फिरत होता, शेंडा हलत नव्हता. इतर बायका वाकून टाळी द्यायच्या, ती ताठ राहून द्यायची. पहिली ओळ तिने थोडी कापऱ्या आवाजात दिली. दुसरीला आवाज तळ्याच्या पलीकडे गेला. मधे एकदा पाय आडवा पडला, तेव्हा लच्चव्वाने कंबर धरली आणि कानात म्हणाली, "हळू. पडलीस तर ओळ माझी."

"मेले तरी देणार नाही."

अंधार पडल्यावर बतुकम्मा पाण्यात सोडल्या. कनकव्वाची जाता जाताही डावीकडेच झुकली होती.

कुरडूची फुलं रंगवायला कनकव्वाने लच्चव्वाकडून गुलाबी रंगाची पुडी घेतली होती. पुडीचे दहा रुपयेही तिने अजून दिलेले नाहीत.