मधलं पान

लोणावळ्यात बसस्थानकाजवळच्या एका चिक्कीच्या दुकानात त्या मावशी बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. आमची ओळख पुस्तकांची. गेलं की पहिला प्रश्न त्यांचाच, "सध्या काय वाचताय?"

मी आवडलेलं पुस्तक काउंटरवर ठेवायचं. त्यांनी ते मधूनच उघडायचं, एक पान वाचायचं आणि निकाल द्यायचा. "अशानं गोष्ट कळणार कशी?" मी एकदा चिडून विचारलं. चवीपुरता तुकडा माझ्या हातावर ठेवत त्या म्हणाल्या, "चिक्की कुठूनबी मोडा, चव तीच लागती. पुस्तकाचंबी तसंच."

माझी लाडकी तीन पुस्तकं त्यांनी अशी एकेका पानात नापास केली. पुस्तक परत सरकवून पदराला बोटं पुसायच्या, जणू पाक चिकटला होता. त्यांनी सुचवलेली मात्र मी मुकाट वाचली, आणि सगळी आवडली, हे आणखी वाईट.

मागच्या महिन्यात जिद्दीनं चौथं नेलं. त्यांनी मधलं पान वाचलं. उलटून पुढचं वाचलं. मग पहिल्या पानावर गेल्या.

तेवढ्यात पर्यटकांची गाडी थांबली. ट्रेला कुणी बोट लावलं तरी खेकसणाऱ्या या मावशी, मान वर न करता गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "घ्या तुमच्या हातानं. मी न्हाई हितं."

गिऱ्हाईक गोंधळलं. मग मीच काउंटरमागं गेलो आणि त्याला शेंगदाण्याची चिक्की तोलून दिली. इतक्या ऐटीत मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.