शीतलच्या फोटोला हार

किती वेळा सांगायचं तुम्हाला, तो फोटो काढा म्हणून?

फोन करून झाले. नोएडाला तुमच्या ऑफिसात येऊन बसून झालं. एसीत बसवलंत, कॉफी पाजलीत. फोटो आहे तिथेच आहे.

माझी पोरगी मेलीय हो.

आज तारखेने वर्ष झालं. तिथीने गुरुवारी वर्षश्राद्ध. आणि पालमच्या भाजीबाजारात, कोचिंग क्लासच्या जाहिरातींमध्ये, ती भिंतीवर हसतेय.

वर मोठ्या अक्षरात, ‘विदेश में सेवा के फायदे’. खाली, कॉन्फिडन्स. नई भाषा. दुनियाभर में दोस्त.

मी चौथी शिकलेय, पण एवढं वाचता येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. शीतल माझी एकुलती एक. हे फौजेत होते, म्हणून पोरगी दिल्ली कँटमध्येच वाढली. शिक्षण झालं आणि या लोकांच्या संस्थेतर्फे टांझानियाला गेली. समुद्राकाठचं गाव, तिथल्या शाळेत शिकवायला. व्हॉलंटियर.

परत यायची वेळ झाली होती. पावसात जीप उलटली. कुणाची चूक नव्हती. त्याचं भांडण नाहीये माझं.

भांडण फोटोचं आहे.

ही पोरगी दिल्लीत मला ‘मम्मी’ म्हणायची. मराठीत बोल म्हटलं की, “मम्मी यार, क्या फरक पड़ता है.” हळदीकुंकवाला बायका आल्या की ही खोलीत, कानात गाणी खुपसून. कपाळाला बोट लावलं तरी पुसून टाकायची.

तिकडे गेली आणि एक दिवस फोन.

“आई, ओटीत काय काय घालतात गं?”

आई! टांझानियाला जाऊन मम्मीची आई झाली.

म्हटलं, “कुणाची भरतेस बये?”

“झैनबमामाची. मी राहते ना, त्या घरची. रोज माझ्यासाठी भात वेगळा काढून ठेवते. तिला आपल्यातलं काहीतरी द्यायचंय.”

“मामा? बाई आहे ना ती?”

“इकडे बाईलाच मामा म्हणतात.”

“मग मामाला काय म्हणतात?”

हसत सुटलो दोघी. किती वर्षांनी, देव जाणे.

सांगितलं मग. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू.

“खण कुठून आणू?”

“मग कापड घाल कुठलंही. देवी काय लेबल बघते?”

तिकडच्या बायका गुंडाळतात ते छापील कापड, कांगा म्हणतात त्याला, ते घातलं तिने. मला व्हिडिओवर दाखवलं. झैनब ओढणी पसरून उभी, लाजत. आणि माझी पोरगी तिला तिच्या भाषेत समजावतेय, माहेराहून निघालेल्या लेकीची अशी ओटी भरतात आमच्यात. कुंकू लावू का विचारलं, ती नको म्हणाली, तर हातात फूल दिलं.

हे कुणी शिकवलं तिला? मी नाही.

मग पेटी आली.

पेटीबरोबर तिची बॅग आली. बॅगेत सगळ्यात वर नवाकोरा कांगा, गाठ मारलेला. सोडला.

तांदूळ. नारळ.

झैनबने ओटी भरली होती. माझ्या पोरीची. घरी निघाली होती ना ती.

आमच्यात लग्न न झालेल्या पोरीची ओटी भरत नाहीत. गेली तरी नाही. झैनबला काय माहीत. जाऊबाई म्हणाल्या, “हे अशुभ आहे, बाहेर टाक.” म्हटलं, “आधी तुम्ही व्हा बाहेर.”

टाकली नाही मी. गुरुवारी पिंड त्याच तांदळाचे करणार आहे. भटजी काय म्हणायचं ते म्हणोत.

तेव्हा तुमचे ते फायदे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. खरे आहेत. दिल्लीत जी पोरगी मला कधी सापडली नाही, ती तिकडे गेल्यावर सापडली. तेच तर जाळतं.

मागच्या आठवड्यात भेंडी घेत होते. कॉलेजच्या दोन पोरी त्या भिंतीसमोर उभ्या.

एक म्हणते, “यार, कितनी खुश लग रही है.”

दुसरी म्हणते, “चल ना, इसी से पूछते हैं कैसा था.”

मी पिशवी घेऊन मागे उभी. म्हटलं, “बेटा, वो नहीं मिलेगी.”

“आप जानती हैं इन्हें?”

भेंडी तिथेच राहिली, घरी आले.

तुमच्या मॅडम म्हणतात, “आंटी, उसकी स्माइल से बच्चे मोटिवेट होते हैं.”

मैडम, वो स्माइल मेरे घर की है. हार घालायच्या फोटोवर तुम्ही भरती करताय.

आणि ऐका. घरच्या फोटोला मी अजून हार घातलेला नाही. वर्ष झालं. येणारे-जाणारे टोकतात. पण कसा घालू? घरात हार, आणि बाजारात ती पोरींना हसून बोलावतेय, चला म्हणून?

मला पोस्टर फाडता येतं. हात आहेत मला. पण एक फाडेन, तुम्ही दहा लावाल.

म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांसमोर. एक तर फोटो काढा. नाहीतर त्याच्यावर हार छापा आणि खाली लिहा, शीतल, तिकडेच गेली. फायदे राहू द्या तसेच. वाचून ज्या पोरींना जायचं त्या जातील. मला विचारलं तर मी जाऊ नका म्हणणार नाही.

बुधवारी संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे. व्हॉट्सअपवर जोडलेले हात नकोत. काढताय की हार घालताय, ते सांगा.

गुरुवारी मला माझ्या पोरीला हार घालायचाय.