ज्युडिथची जागा

एली वार्दों गेला. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाच्या इस्पितळात. धक्क्यावर मला बातमी कळली.

तो आणि त्याची बायको ज्युडिथ जवळच्या ग्रुनेल बेटावर एका झोपडीत एकटेच राहायचे. बेट कसलं, खडक आणि गोटे. फ्रान्स म्हणे आमचं, इंग्लंड म्हणे आमचं. दोन्ही राजधान्यांतून खलिते चालू होते. हे दोघं पिंजरे टाकून शेवंडं धरत, समुद्री शेवाळ वाळवून त्याची राख विकत. साहित्याची पदवी घेऊन मी फ्रान्सहून जर्सीला घरी परतलो आणि त्यांच्याकडे जाऊ लागलो.

"काय पंडित, कवितेनं पिंजरा भरतो का?" एली विचारायचा.

"तुमच्यासारखंच, काका. टाकायचा आणि रिकामा काढायचा."

ज्युडिथकाकू खो खो हसायची.

१८८६च्या फेब्रुवारीत ती तापानं गेली. तिला बेटावरच ठेवायचं, एवढंच एली म्हणत होता. परवानगीसाठी जर्सीवरच्या इंग्रज साहेबाकडे मी एलीबरोबर दुभाषा म्हणून गेलो. साहेब खूश झाला. "जरूर पुरा! आमचा पाद्री येईल, निशाण लावू. इंग्रज कबर म्हणजे बेट आमचं असल्याचा पक्का पुरावा."

आम्ही ग्रुनेलला परतलो तर किनाऱ्याला फ्रेंच जकातीची बोट. त्यांचा अधिकारी टोपी काढून म्हणाला, "बाई आमच्या मातीत झोपतील. दगड आम्ही बसवू."

"जन्मभर राबली ती," एली म्हणाला. "आता तरी तिला कामाला लावू नका."

त्यानं मलाही घरी धाडलं आणि तिला एकट्यानंच पुरलं. मग खणल्याची खूण दिसू नये म्हणून बेटभर शेवाळ पसरलं. दोन्हीकडच्या बोटी येऊन गेल्या.

"कबर कुठंय?"

"कसली कबर? समुद्रात सोडली तिला."

मी एकदा विचारलं, "काका, मला तरी सांगा."

"तू लिहितोस रे. लिहिणाऱ्याच्या पोटात काही राहत नाही."

त्यानं कधी फूल ठेवलं नाही. संध्याकाळी बसायचा तोही रोज वेगळ्या दगडावर, कुणाला अंदाज येऊ नये म्हणून. नऊ वर्षं.

काल आम्ही एलीला जर्सीहून होडीतून ग्रुनेलला नेलं. तिच्या शेजारी ठेवायचं होतं. नावाडी आमीस फावडं घेऊन उतरला.

"कुठं खणू?"

सगळीकडे सारखेच गोटे. मी इकडून तिकडे चालत राहिलो. एका ठिकाणी थांबलो, पुन्हा निघालो.

"अरे, तू तर त्याचा दोस्त ना?" आमीस म्हणाला. "सांग की. भरती चढतेय."

शेवटी झोपडीच्या दाराशी खणलं.