आत्याच्या हातची ओस्ती

आत्याला कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की ती पदर सारखा करून सांगायची, "ओस्त्या करते." विचारणारा दुसऱ्या धर्माचा निघाला तर तिला आनंदच व्हायचा, कारण मग सगळं पहिल्यापासून सांगता यायचं. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर भाकर आणि द्राक्षारस वेदीवर ठेवतात, प्रार्थना म्हणतात, आणि त्यानंतर ती भाकर ख्रिस्ताचं शरीर असते, द्राक्षारस त्याचं रक्त. भाकर म्हणजे नाण्याएवढी, पातळ, पांढरी चकती. तीच ओस्ती. "माझ्या हातात असेस्तोवर नुसतं पीठ आणि पाणी," आत्या म्हणायची. "पुढचं काम माझं नाही."

म्हणायची खरी. पण फादरांनी ओस्ती उंच धरली की अख्खं चर्च मान खाली घालायचं, आणि आत्या आधी काठ करपलाय का ते बघून घ्यायची.

तेहेतीस वर्षं तिने हे काम केलं. भावाच्या घरातली मागची खोली त्याच्यासाठीच होती. दोन जड लोखंडी तव्यांचा साचा, आतून क्रूस कोरलेला. कणीक चार वेळा चाळायची, पाण्यात ताकासारखी पातळ कालवायची. मीठ नाही, तेल नाही, खमीर नाही. साच्यात ओतून दाबलं की चर्र आवाज यायचा आणि कागदासारखा पापुद्रा निघायचा. तो लगेच कापला तर तुकडे तुकडे होतात, म्हणून ओल्या फडक्याखाली ठेवायचा, नरम झाला की गोल कापणीने चकत्या पाडायच्या. ऐन तारुण्यात एक स्थळ आलं होतं. मुलगा म्हणाला, लग्नानंतर हा उद्योग बंद. आत्याने चहा होण्याआधी तोच विषय बंद केला. वहिनी ही गोष्ट आजही पाहुण्यांना सांगते, आणि आत्या "पुरे गं" म्हणत शेवटपर्यंत ऐकते.

चकत्या पाडल्यावर उरलेले काठ भावाच्या मुलीचे. तिचं नाव भिंगरी पडलं होतं, कारण ती एका जागी बसत नसे. दात आल्यापासून ती ते काठ कुरुकुरु खात आली. आणि दिवसेंदिवस वाळत गेली. पोट फुगायचं, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. सातव्या वर्षी डॉक्टरांनी निदान केलं. गव्हाचं वावडं. आयुष्यभर कणभरसुद्धा गहू पोटात जाता कामा नये.

आत्या त्या दिवशी जेवली नाही. ज्या हातांचा तिला एवढा तोरा, त्याच हातांनी तिने पोरीला आजारी केलं होतं. साचा उचलून तिने चर्चच्या मागच्या खोलीत नेला, घर तीनदा पुसून काढलं आणि कामावरून आली की आंघोळ केल्याशिवाय पोरीला जवळ घेईना.

दोन वर्षांनी भिंगरीचं पहिलं कम्युनियन आलं, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्ताला मुखी घेण्याचा दिवस. आत्याने गुपचूप नवा साचा मिळवला, तांदळाच्या पिठाच्या ओस्त्या केल्या आणि डबा घेऊन फादरांकडे गेली.

"दिसायला सुरेख आहेत," फादर म्हणाले. "पण चालायच्या नाहीत, आत्या. भाकर गव्हाचीच हवी."

"का? देवाला तांदूळ ओळखता येत नाही?"

"येतो हो. पण येशूने जे हातात घेतलं, तेच आपण घ्यायचं. मी मनाने बदलणारा कोण?" फादरांनी तिला बसवलं. "ती द्राक्षारस घेईल. ख्रिस्त अर्धा भाकरीत अन् अर्धा पेल्यात असं असतं का? एका थेंबातही तो पुरा असतो. माझ्या चषकात मी ओस्तीचा तुकडा टाकतो, म्हणून तिच्यासाठी वेगळा लहान चषक ठेवू. सिस्टर धरतील. त्या दिवशी त्यांचा हात ओस्तीला लागणार नाही."

आत्याने मान डोलावली. हे ती लहानपणीच पाठ करून बसली होती. घरी येऊन तिने भिंगरीला तसंच सांगितलं.

"म्हणजे सगळ्यांना तुझी ओस्ती, आणि मला औषधासारखा घोट," भिंगरी म्हणाली.

"तसं नाही बाळा. सारखंच असतं."

"तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस. मी जाणारच नाही."

पोरीने बरोबर हेरलं होतं. तोंडाने सारखंच म्हणताना आत्याच्याही मनात होतं, बिचारीला माझी ओस्ती नाही.

भावाने समजावलं, वहिनीने दटावलं, आणि रविवारी भिंगरी पांढरा झगा घालून, तोंड फुगवून रांगेत शेवटी उभी राहिली. बाकीची मुलं फादरांपुढे तोंड उघडून गेली. तिची पाळी आली. बाजूला सिस्टर लहान चषक घेऊन थांबल्या होत्या. भिंगरी जागची हलेना. ओठ घट्ट मिटलेले. फादर थांबले, सिस्टर थांबल्या, मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली.

आत्या पहिल्या बाकावरून उठली. तेहेतीस वर्षांत आपली पाळी सोडून ती कधी पुढे गेली नव्हती. फादरांना वाटलं, ती ओस्ती घ्यायलाच आली. त्यांनी एक उचलून धरली, "ख्रिस्ताचं शरीर." काठ एकसारखा, क्रूस ठसठशीत, तिच्याच हातची. आत्याने मान हलवली, नाही. आणि सिस्टरांच्या चषकाकडे बोट केलं.

फादरांना उमगायला क्षणभर लागलं. मग त्यांनी सिस्टरांना खूण केली.

"ख्रिस्ताचं रक्त," सिस्टर म्हणाल्या.

"आमेन," आत्या म्हणाली. तिच्या तोंडाला त्या दिवशी गव्हाचा कण लागलेला नव्हता, घरून चूळ भरून आली होती, म्हणून तिने बिनघोर चषक ओठांना लावला. एकच घोट. मग ती वळली आणि भिंगरीच्या शेजारी उभी राहिली.

भिंगरीने तिच्याकडे वर पाहिलं, बराच वेळ. मग दोन्ही हातांनी चषक धरला.

"आमेन!" ती म्हणाली, तेही इतक्या मोठ्याने की पेटी वाजवणाऱ्याची बोटं थबकली.

बाकावर येऊन दोघी गुडघे टेकून बसल्या. थोड्या वेळाने भिंगरी तिच्या कानाशी आली.

"आत्या, तुझाही घसा जळजळला?"

"जरासा," आत्या म्हणाली, आणि तिने पोरीला सगळ्यांदेखत घट्ट जवळ ओढलं.