बेडक्यात जंतू असेपर्यंत

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "कॅव्हिटी आहे." कॅव्हिटी म्हणजे फुफ्फुसाला पडलेलं भोक. माझ्या उजव्या फुफ्फुसाला वरच्या अंगाला ते होतं, सुपारीएवढं. मला त्या काळ्यापांढऱ्या धुरात काही म्हणता काही दिसलं नाही. आई बाजूला उभी होती आणि तिच्या खांद्यावर माझी तान्ही मुलगी झोपली होती. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि पुढचं वाक्य मला न सांगता आईला सांगितलं. "बाळाला आजपासून अंगावर पाजायचं नाही. हिच्या जवळही द्यायचं नाही."

टीबी हा शब्द त्यांनी सर्वांत शेवटी काढला. तोवर मला कळून चुकलं होतं. बाळंतपण झाल्यापासून रोज दिवे लावायच्या वेळी अंग कढत व्हायचं, पहाटे घामाने पातळ भिजायचं. आई म्हणायची बाळंतिणीचा ताप, आणि काढा पुढे करायची. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा कुठे आम्ही सावंतवाडी गाठली. तुमच्या घरात कुणाला असा संध्याकाळचा बारीक ताप येत असेल तर कृपा करून काढ्यावर महिने घालवू नका. एवढं सांगायलाच मी लिहायला बसले आहे, पण माझ्या आजाराला दुसरी एक भानगड चिकटलेली होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझं माहेर बांद्याच्या खालच्या अंगाला नदीकाठी. सासर नदीच्या पलीकडे, पेडणे महालात. होडीत बसलं की पान लावून खाईपर्यंत दुसरा काठ. आमच्याकडे सोयरीक करताना नदीचा विचार कोणी केला नव्हता. पण त्या काठावर पोर्तुगीजांचं राज्य होतं, आणि लग्न झालं त्या दिवशी मी त्यांची रयत झाले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सातव्या महिन्यात परवाना काढून आले. परवान्याची मुदत संपली तेव्हा मी बाजेवर होते. बाळंतिणीने उठून सरहद्दीच्या नाक्यावर जावं असं कायद्यात असेल, पण आमच्या घरात नव्हतं. झालं, ज्या घरात जन्मले त्याच घरात मी परकी आणि बिनपरवाना ठरले. गंमत म्हणजे माझी मुलगी इथली, कारण ती इथे जन्मली.

सासूबाई आल्या आणि मुलीला घेऊन गेल्या. दुसरा इलाज नव्हता. दुधाने दाटलेली छाती आईने फडक्याने घट्ट बांधली आणि आम्ही दोघी रडलो. होडी सुटली ती मी बघितली नाही, कारण मला काठावर जायला मनाई होती. एकीकडून डॉक्टरांची, दुसरीकडून सरकारची.

आता औषध. त्या वेळी टीबीवर स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं निघाली होती. ती घ्यायला खाट पाहिजे आणि खाट होती मालवणच्या एका टीबी वॉर्डात. ती जिल्ह्यातल्या रहिवाशालाच मिळायची, त्यासाठी गावच्या पोलीस पाटलांचा दाखला लागायचा. आमचे पोलीस पाटील बाबलकाका, चुलत घरातले. बिनपरवाना माणूस गावात असेल तर वर कळवायचं कामही त्यांचंच. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, भीतभीत विचारलं तेव्हा ते बराच वेळ सुपारी कातरत बसले.

"चंदा आमच्याच गावची मां?" ते म्हणाले. "हयसरच जन्माक इली, माज्या डोळ्यासमोर. ह्यात खोटा काय आसा? लगीन झाला की नाय, ता माका कोणी इचारूक नाय."

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. सासरी मी इंदिरा होते. दाखल्यावर मी पुन्हा चंद्रावती झाले, बापाचं नाव, बापाचं आडनाव. पण मग कुमारिकेच्या गळ्यात मंगळसूत्र कसं चालेल? ते मी स्वतःच्या हाताने उतरवून आईच्या हातात दिलं. आईला ते घेववेना. नवरा धडधाकट जिवंत असताना मंगळसूत्र काढणं म्हणजे काय, हे बायकांना सांगायला नको. टीबीपेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटली. शेतात जाताना ह्यांना पान लागलं, म्हणजे साप चावला तर, होडी उलटली तर, असलंच मनात यायचं.

वॉर्ड माडाच्या बागेत होता. रोज सकाळी इंजेक्शन. काही दिवसांनी कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येतो आणि चालताना तोल जातो. घाबरू नका, पण डॉक्टरांना सांगा, ते मात्रा कमी करतात. दुसरं औषध पी.ए.एस., त्याने पोटात ढवळतं, जेवणावरची वासना उडते. नर्सची पाठ वळली की पुष्कळ जणी ते खिडकीतून माडाच्या बुंध्यात टाकायच्या. तसं करू नका. दर महिन्याला स्प्युटम, म्हणजे बेडका तपासायचे. त्यात जंतू दिसले तर पॉझिटिव्ह, नाही दिसले तर निगेटिव्ह.

शेजारच्या खाटेवर देवगडची जनाबाई होती. स्वतःला धाप लागलेली, तरी तोंड बंद नाही. मी बिनलग्नाची म्हणून तिच्या जिवाला घोर.

"माजो दीर आसा, बिजवर आसा, पण सोन्यासारखो," ती म्हणायची. "तुका खोकलो, तेका दमो. दोघांचा बरा जमात."

सगळा वॉर्ड खोकत खोकत हसायचा. मीही हसायचे आणि भिंतीकडे तोंड फिरवायचे. अंगावरचं दूध आटलं तरी दुपारी मुलीच्या भुकेची वेळ झाली की छाती अजून ठणकायची, आणि हे कुणाला बोलायची चोरी. मे महिन्यात मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला, वॉर्डात पेढे वाटले. राज्य नवीन आलं, नियम मात्र जुनेच राहिले.

वटपौर्णिमेला बायकांनी वडाची फांदी आणवून बादलीत उभी केली आणि तिला सूत गुंडाळलं. वॉर्डाच्या डॉक्टरांची सक्त ताकीद होती की उपास कुणी करायचा नाही. बाकीच्या जेवल्या. मी मात्र ताट खाटेखाली सरकवलं. सूत गुंडाळता आलं नाही, निदान एवढं तरी. डॉक्टर फेरीवर आले आणि ताट त्यांच्या पायाला लागलं.

"तुझं काय? तुझं तर लग्नही झालं नाही!" ते ओरडले.

बस्स, त्या एका वाक्याने माझा बांध फुटला. "झालंय! माझं लग्न झालंय!" मी सगळ्या वॉर्डासमोर म्हटलं. मग नवरा कुठे आहे, मूल कुठे आहे, सगळं सांगून टाकलं. जनाबाईने दिराचं नाव पुन्हा काढलं नाही.

डॉक्टर रागीट माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे मला आधी कळायला हवं होतं. आता कळलंय म्हणजे पोलिसांना कळवणं भाग आहे आणि मी कळवणार." मग ते म्हणाले, "पण पॉझिटिव्ह पेशंटला मी एस.टी.त बसवू देणार नाही. शेजारी पोरंबाळं बसतात. बेडक्यात जंतू असेपर्यंत तुला इथून कोणी हलवू शकत नाही. आता ते ताट ओढ आणि जेव."

तेव्हापासून दर महिन्याला एक हवालदार यायचा. आत पाय टाकायची त्याची छाती नव्हती. दारात नाकाला रुमाल लावून उभा राहायचा आणि नर्सला विचारायचा, "आसत काय गो अजून जंतू?" ती म्हणायची, आहेत. त्याला बरं वाटायचं, मलाही. माणसाने आपल्याच जंतूंना धरून राहावं अशी वेळ शत्रूवरही येऊ नये. बाकीच्या बायका निगेटिव्हसाठी नवस बोलायच्या. माझ्या मनात मात्र यायचं की अजून थोडं राहू दे, औषध पुरं होऊ दे.

दिवाळीच्या सुमाराला माझा बेडका निगेटिव्ह आला. जनाबाईने टाळ्या वाजवल्या आणि मी ऊर फुटेस्तोवर रडले.

डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. "निगेटिव्ह म्हणजे बरी झालीस असं नाही. जंतू दबले आहेत. गोळ्या अजून निदान वर्षभर घ्यायच्या. मध्येच सोडल्या तर जंतू निगरगट्ट होतात, मग हेच औषध त्यांना लागू पडत नाही. आणि घरातल्या लहान मुलाला पहिला धोका." पण नाक्यावरून पलीकडे माल न्यायला बंदी होती, औषधाच्या डब्यासकट. आमच्या पेडण्यात त्या गोळ्या मिळत नव्हत्या. एकदा पलीकडे गेले की परत यायचा परवाना मिळणार नव्हता. म्हणजे आज मुलीला जवळ घ्यायचं आणि उद्या तिला आजार द्यायचा, नाहीतर औषध पुरं होईपर्यंत तिचं तोंड बघायचं नाही. माझ्यासारख्या बाईला हे दोनच रस्ते होते.

मला बांद्याच्या नाक्यावर पोचवायला तोच हवालदार आला. एस.टी.त त्याने मला पार मागच्या बाकावर बसवलं आणि स्वतः ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन बसला, जितकं लांब बसता येईल तितकं. बांद्याच्या अलीकडच्या थांब्यावर मी गोळ्यांची पिशवी घेऊन उतरले. गाडी सुटताना त्याने खिडकीतून माझ्याकडे बघितलं आणि रुमाल नाकावर धरला. ओरडला मात्र नाही. तो निष्काळजी होता की दयाळू, देव जाणे. मी शेतांतून माहेरी गेले.

पुढचं वर्ष वॉर्डापेक्षा कठीण गेलं. पलीकडचं माणूस ठेवणाऱ्याने चौकीवर कळवावं अशी दवंडी गावात पिटली होती. मी विहिरीवर जायचे नाही. जत्रेला गेले नाही. धाकट्या बहिणीचं लग्न आमच्याच अंगणात लागलं तेव्हा मी आतल्या खोलीत दाराला कडी लावून बसले होते आणि मंगलाष्टकं ऐकत होते. रेशनच्या साखरेत माझा वाटा नव्हता, आई आपल्या चहातली द्यायची. खोकला आला की उशीत तोंड खुपसायचं. दादा महिन्याच्या महिन्याला मालवणहून गोळ्या आणायचा. बाबलकाका अंगणात येऊन मोठ्याने विचारायचे, "तुमच्या घरात पलतडचा कोण नाय मां?" आई म्हणायची, नाय. मग ते हळूच म्हणायचे, "चंदान गोळयो घेतल्यान?"

पलतड म्हणजे नदीचा पलीकडचा काठ. रविवारी हे मुलीला घेऊन त्या काठावर उभे राहायचे. मी अलीकडे बांबूच्या बेटाआडून बघायचे. तिच्या परकराचा रंग दिसायचा, चेहरा नाही. ती उभी राहायला लागली, मग चालायला लागली, मग एकदा यांच्या हातातून सुटून पळाली. सगळं मी एवढ्या लांबून बघितलं. हाक मारायची सोय नव्हती.

औषध पुरं होत आलं त्याच डिसेंबरात गोवा मोकळा झाला. नाकी उठली. मालवणच्या डॉक्टरांनी शेवटचा फोटो काढला, भोक बुजून तिथे बारीक डाग राहिला होता. "आता मुलीला खुशाल जवळ घे," ते म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले, तर म्हणाले, "माझ्या नको, पाटलांच्या पड." तेही केलं. बाबलकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी सुपारीचं निमित्त केलं. ही माणसं नसती तर मी आज हे लिहायला नसते. तुमच्याही आजारात अशी माणसं भेटोत. आणि तुम्ही वॉर्डात, गावात, नियम हातात असलेल्या खुर्चीवर असाल, तर थोडं तसं वागा.

आईने मंगळसूत्र गळ्यात घातलं आणि मी होडीत बसले. हे काठावर मुलीला कडेवर घेऊन उभे होते. मी हात पुढे केले. तिने यांच्या मानेत तोंड लपवलं.

"गो, ही तुजी आवय," हे म्हणाले.

तिने मान वर करून मला नीट बघितलं आणि नदीपलीकडे, माझ्या माहेराकडे बोट दाखवलं. "न्हय. माजी आवय पलतडी रवता."

मी गुडघ्यावर बसले, म्हणजे तिला माझा चेहरा दिसेल.

"होय गो बाय," मी म्हटलं. "थंयच होती ती. आज इली."