मोझॅकच्या फरशीचं ऑफिस

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही वर्षानुवर्षं घाम पुसत बसलो, तेव्हा सांगण्याजोगा एकही नाही. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हंगामात आमच्या कोपरगावकडच्या साखर कारखान्यानं शेतकी खात्याला नवी इमारत दिली, आणि किस्स्यांची रास लागली!

*

इमारत म्हणजे आमच्या दीक्षित साहेबांचा जीव की प्राण. पुण्याच्या आर्किटेक्टचा नकाशा, पंखे, मोझॅक, पुढं-मागं दारं आणि प्रत्येकाला स्वतंत्र खोली.

शेडमध्ये सगळ्यांना मिळून एकच लांब टेबल होतं. "जोशी, नदीकाठचा ऊस तुटला का?" एवढं विचारलं की काम झालं. आता मी पुढच्या दारानं जोशीकडे निघायचो, तो मागच्या दारानं माझ्याकडे, आणि दोघंही रिकाम्या खुर्चीसमोर उभे! शेवटी आम्ही खिडकीतून ओरडायला लागलो.

साहेब वैतागले. "अहो, मग शेड काय वाईट होती?"

"साहेब, तिथं पंखा नव्हता!"

*

साहेबांच्या केबिनला सगळ्या खोल्या दिसतील अशी मोठी काच. "माझी नजर सगळ्यांवर राहील," म्हणाले. राहिली. पण आमचीही त्यांच्यावर राहिली! जेवणानंतर साहेबांची मान कलली की सगळं ऑफिस निवांत.

साहेबांना कळल्यावर त्यांनी काचेला पडदा लावला. आता ते जागे की झोपलेले, काही कळेना. झक मारत दिवसभर काम करावं लागलं. जोशी म्हणाला, "आर्किटेक्टला आधीच पडदा सुचायला हवा होता!"

*

शेतकरी यायचे ते ऊसतोडीचा नंबर विचारायला. शेडमध्ये टेबलावर कोपर टेकून तासभर बोलायचे. इथं मात्र पायताणं दाराबाहेर काढायला लागले. "राहू द्या हो," म्हटलं, तर गेनूनाना म्हणाले, "न्हाई बाबा, देवळावानी फरशी हाय. पाय ठिवाया जीव व्हत न्हाई."

एक दिवस नानांची नवी कोरी पायताणं कोणीतरी घालून गेलं. झालं! त्यानंतर एकही शेतकरी आत येईना. ते पायरीवर, म्हणून आम्हीही उन्हात पायरीवर, आणि पंखे आत रिकाम्या खुर्च्यांना वारा घालताहेत!

*

हे चेअरमनच्या कानावर गेलं. निरोप आला, "गुरुवारी येतो. शेतकरी आत दिसले न्हाईत, तर इमारत लॅबोरेटरीला. तुमी परत पत्र्याखाली."

साहेबांचं तोंड उतरलं. मला खरंच वाईट वाटलं. माणसानं त्या इमारतीसाठी किती खेटे घातले होते! ते उठले आणि पायरीवर जाऊन नानांशी हळू आवाजात बोलत बसले.

गुरुवारी चेअरमनची जीप मागच्या दाराशी थांबली. आत पाहतात तर ऑफिस गच्च भरलेलं! खुर्च्या कमी पडल्या म्हणून माणसं फरशीवर मांडी घालून, पंख्याखाली, आरामात. चेअरमन खूश! शाबासकी द्यायला केबिनचा पडदा सारला, तर खुर्ची रिकामी.

"दीक्षित कुठं हायेत?"

गेनूनाना बसल्या जागेवरून म्हणाले, "म्होरल्या पायरीवर. आमची पायताणं राखत्यात."