घरचा करंट

शिकागोत डेव्हन या रस्त्यावरच्या देशी दुकानांची वायरिंग करणाऱ्या एका काकांकडे मी कामाला होतो, राहायलाही त्यांच्याच बेसमेंटमध्ये. गिऱ्हाइकाचा फ्रीज बंद पडू नये म्हणून काका मेन स्विच कधी बंद करू द्यायचे नाहीत. "घरचाच करंट आहे रे, चावत नाही." मी त्यांची ही नक्कल केली की सगळे हसायचे. एकदा एका दुकानात भेटलेला इलेक्ट्रिशियन युनियनचा माणूस मात्र हसला नाही. "आमच्यात आधी मेन बंद होतो. येतोस?"

गेलो तर नोकरीबरोबर खोलीही जाणार, म्हणून आठवडाभर नुसती तगमग. मग मिठाईच्या दुकानात वायर जोडताना मला झटका बसला आणि मी सरळ मेन पाडला. अंधारात, माझ्याच आवाजात म्हणालो, "काका, मी युनियनमध्ये जातोय."

"आधी मेन चालू कर, मग बोलू."

"वायर जोडून झाली की करतो," मी म्हणालो.